हातात मावेल एवढी भीती

बेत्साबेचा खुबा बदलायचा ठरला तेव्हा घाबरण्याचं काम खरं तर तिचं होतं. पण ती ते करेना, म्हणून मला करावं लागलं. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीला लावून जिथे बोट ठेवलं तिथे मला काहीही दिसलं नाही, तरी मी मटकन खुर्चीत बसलो. जिचा खुबा होता ती उभीच होती.

"पडून किती राहावं लागेल?" तिने विचारलं.

"थोडे दिवस इथे, मग घरी. कार्निव्हल होऊन जाऊ दे. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी घेऊ."

"पण पडून करायचं काय?"

"विश्रांती, सेन्योरा."

"ते मला जमत नाही," बेत्साबे म्हणाली, आणि रस्त्यावर आल्यावर माझ्याकडे वळली. "म्हाताऱ्या, माझा खेळ बरोबर नेता येणार असेल तर मी येते. नाहीतर हा खुबा काही इतका वाईट नाही."

खेळ म्हणजे टीव्हीखालच्या कपाटातलं एक काळं जुनं यंत्र. त्याला दोन कंट्रोलर, आणि फुंकर मारल्याशिवाय न चालणारी एक कॅसेट. कॅसेटमध्ये कंदील घेतलेला एक बुटका खाणीत उतरतो, वटवाघळं त्याच्या मागे लागतात, आणि तो मेला की बेत्साबे त्याला अशा शब्दांनी पुकारते की शेजारची खिडकी बंद होते. मुलं हा खेळ टाकून मोठी झाली, परदेशी गेली. बेत्साबे राहिली. मी स्वतः त्याला कधी हात लावला नाही. मी शाळेत भूगोल शिकवायचो. आणि भूगोलाच्या मास्तराला प्रतिष्ठा सोडून फारसं काही मिळत नाही, तेव्हा ती जपावी लागते.

आता हे सगळं लटांबर, टीव्हीसकट, हॉस्पिटलच्या पलंगावर कसं न्यायचं? शोध घेता कळलं की हल्ली लोक अख्खं यंत्रच कंट्रोलरच्या पोटात बसवतात. बोटाएवढा एक संगणक, मेमरी कार्डात उतरवलेले जुने खेळ, मधोमध काडेपेटीएवढा स्क्रीन, आणि एक लिथियम बॅटरी. इंटरनेटवर एका तरुणाने हे करून दाखवलं होतं. तो सारखा हसत होता. फक्त बॅटरीपाशी आल्यावर त्याचं हसू गेलं आणि तो म्हणाला, हिला टोचू नका, वाकवू नका, तापवू नका, ओली तर मुळीच करू नका. एवढ्या अटी मी आयुष्यात फक्त आमच्या मुख्याध्यापकांच्या बाबतीत पाळल्या होत्या.

हे मी एकट्याने निमूट करायला हवं होतं. पण मी जिन्यात भेटलेल्या इंजिनिअर इराओलांना सांगितलं, आणि ती बातमी आमच्या इमारतीची झाली.

इंजिनिअर वरच्या मजल्यावर राहतात. रस्ते खात्यातून निवृत्त. त्यांना नुसत्या नावाने कुणीही हाक मारत नाही. घरातून त्यांची बायकोसुद्धा "इंजिनिअर, सूप निवतंय" असंच ओरडते. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, त्यामुळे जगात जे काही आहे ते त्यांना पूल वाटतं, किंवा पडलेला पूल.

"प्रोफे, भाराचा हिशेब काढलात का?" ते म्हणाले. मास्तरांना आमच्याकडे प्रोफे म्हणतात.

"कसला भार?"

"भार नाही अशी वस्तू दाखवा. बॅटरी एका बाजूला, स्क्रीन मध्ये. कलंडणार! मधोमध एक खांब लागेल."

"इंजिनिअर, मधोमध स्क्रीन आहे."

"मग स्क्रीन हलवा," ते म्हणाले, आणि खिशातल्या कागदावर त्यांनी लगेच खांब काढून दिला. खांब सुंदर होता, यात वादच नाही. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

तळमजल्यावरच्या दोन्या हुस्ता, म्हणजे हुस्ताबाई, बाजारात बटाटे विकतात. ताजे आणि थंडीत वाळवलेले, काळे, दगडासारखे, दोन्ही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात कमरेवर ठेवले.

"उघडायच्या आधी विचारलंत का तिला?"

"बेत्साबेला? तिनेच तर..."

"पाचामामाला हो! जुनी वस्तू फोडायची, तिच्यात नवं भरायचं, आणि भुईला विचारायचं नाही? शिकलेली माणसं! बायको हॉस्पिटलात जातेय, आणि हे..." वाक्य तिथेच सोडून त्या बटाटे निवडायला लागल्या. मला ते बोलून दाखवल्यापेक्षा जास्त लागलं.

स्क्रीन, संगणक आणि बॅटरी मी परदेशातून मागवली होती. ती येऊन पार्सल कचेरीत अडकली. खिडकीमागच्या बाईंनी स्क्रीन उजेडात धरला.

"हे काय?"

"स्क्रीन आहे, बाई."

"चित्र दिसतं?"

"दिसतं."

"हलतं?"

"हलतं."

"मग टीव्ही."

"अहो, काडेपेटीएवढा आहे तो!"

"लहान टीव्ही," त्यांनी दुरुस्ती केली. "टीव्हीला पिवळी फाइल लागते. तुम्ही पांढरी आणलीत."

मी बाहेर गेलो, पिवळी फाइल घेतली, ओळखपत्राची झेरॉक्स काढली, पुन्हा रांगेत लागलो. तोवर बाई जेवायला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी पेन उचललं. "वापर?"

"घरगुती. माझी बायको त्यावर खेळणार आहे."

"वय?"

मी वय सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, मागे वळून हाक मारली, "नोर्मा, इकडे ये गं, ऐक!" नोर्माने ऐकलं. मग तिने आणखी एकीला ऐकवलं. बोलिव्हियाच्या नद्या तोंडपाठ म्हणून घेणारा मी त्या खिडकीत पिवळी फाइल छातीशी धरून उभा होतो आणि आतमध्ये माझ्या संसाराचं वाचन चाललं होतं. शेवटी स्क्रीन मिळाला, संगणक मिळाला. बॅटरी मात्र त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवली.

"ही परत जाणार. स्फोटक."

"बाई, ती साधी..."

"स्फोटक," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.

या एका शब्दाने माझं पुढचं सगळं आयुष्य बिघडवलं. तोपर्यंत मी नुसता घाबरलेला होतो. आता माझ्या भीतीवर सरकारी शिक्का होता.

बॅटरीसाठी मग वर डोंगरावरच्या एल आल्तोच्या बाजारात गेलो. तिथे विमानाच्या खुर्चीपासून माणसाच्या दातापर्यंत सगळं मिळतं, बॅटरीची काय कथा. चादरीवर बॅटऱ्या मांडून बसलेल्या बाईने मला लांबूनच हेरलं.

"या कासेरितो, या माझ्या गिऱ्हाइका! कोणती देऊ?"

"नवी आहे ना ही?"

"कोरी करकरीत."

"मग खरचटलीय कशी?"

"लांबून आलीय ना."

"थोडी फुगल्यासारखी वाटते."

"आत्ताच जेवलीय," बाई म्हणाली, आणि शेजारणी हसल्या. हसण्याच्या त्या भरात मी ती विकत घेतली. लोक हसायला लागले की मी काहीही विकत घेतो.

परतीच्या केबल कारमध्ये मी डाव्या खिशात बॅटरी ठेवली आणि उजव्या खिशात, कागदात गुंडाळून, बेत्साबेसाठी घेतलेली सालतेन्या. सालतेन्या म्हणजे आत गरम रस्सा भरलेली करंजी; तिच्यावाचून मी एल आल्तोहून घरी गेलो तर दार उघडत नाही. डबा स्टेशन सोडून हवेत आला आणि खाली घरांची छपरं लहान होत गेली. समोर टोपी घातलेली एक वयस्क बाई, एक तरुण जोडपं. दार बाहेरून बंद. मी मनात हिशेब केला की इथे जर ती फुटली तर आधी काय जळेल. उत्तर माझ्याच बाजूचं आलं. तेवढ्यात मांडीवरून काहीतरी गरम, चिकट, सावकाश खाली ओघळलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते नंतर त्या तरुण जोडप्याने पोलिसाला जबाब द्यावा तसं मला सांगितलं: "गळतेय! पाय वर घ्या सगळ्यांनी, गळतेय!" सगळ्यांनी पाय वर घेतले. डबा हेलकावला. मी उभा राहून कोट काढायला लागलो, एक बाही अडकली, आणि समोरच्या बाईंनी वाकून माझ्या विजारीचा वास घेतला.

"जिरं," त्या म्हणाल्या. पुन्हा हुंगलं. "कोंबडी. अहो, सालतेन्या आहे ही!"

सगळ्यांचे पाय खाली आले. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी चर्चमध्ये टोपी घालून शिरलोय. "आडवी ठेवली खिशात? सालतेन्या उभी धरतात, सेन्योर. आमच्या गावचे दिसत नाही तुम्ही."

मी याच गावात जन्मलो, याच गावातल्या मुलांना हे गाव नकाशावर दाखवत म्हातारा झालो. पण मांडीवर रस्सा असताना असलं काही सांगता येत नाही. मी म्हणालो, "कोचाबांबाचा आहे." उतरेपर्यंत कोचाबांबाचा राहिलो.

घरी जेवणाच्या टेबलावर काम मांडलं. कंट्रोलर उघडला. मध्यभागी स्क्रीनसाठी चौकोन कापायला सुरी तापवली, तर प्लास्टिकबरोबर सासूबाईंनी विणलेला टेबलक्लॉथही कापला गेला. (बेत्साबे म्हणाली, "राहू दे, ती गेलीय." पण तिचा फोटो भिंतीवर होता आणि तो मी कापायचं थांबवेपर्यंत माझ्याकडे बघत होता.) सोल्डरिंगच्या धुराने डोळे चुरचुरले. प्रत्येक बटणाला तारा, प्रत्येक तार केसासारखी, आणि माझे हात जन्मापासून खडू धरायला बनलेले. इंजिनिअर रोज संध्याकाळी येऊन खुर्चीवर बसायचे, मान हलवायचे आणि "खांब नाही" एवढंच म्हणायचे.

आणि एके दिवशी ते चाललं. बटण दाबलं, लाल दिवा लागला, काडेपेटीएवढ्या काचेत तो बुटका कंदील घेऊन उभा राहिला, आणि ती जुनी धून इतकी बारीक वाजली की आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो. बेत्साबेने कंट्रोलर दोन्ही हातांत घेतला. अंगठे आपोआप जागेवर गेले. पुढच्या क्षणी तिने खिडकी बंद पाडणारा तो शब्द उच्चारला.

"काय झालं?"

"उजवीकडे दाबलं की डावीकडे जातोय! पोरांनाही असंच शिकवलंस का रे? पूर्व म्हणून पश्चिम?"

मी पुन्हा सगळं उघडलं. तारा बदलल्या. पण उघडताना बॅटरी पाहिली, आणि मला वाटलं, ती आणखी जेवलीय.

त्या दिवसापासून मी घरात बादली घेऊन फिरू लागलो. आग लागली तर पाणी नाही, वाळू टाकायची, असं त्या हसऱ्या तरुणानेच सांगितलं होतं. बेत्साबे सोफ्यावर खेळायला बसली की सोफ्याशेजारी वाळूची बादली. ती स्वयंपाकघरात गेली की बादली स्वयंपाकघरात. दोन्या हुस्ता मीठ मागायला आल्या, त्यांनी बादलीकडे पाहिलं. "मांजर पाळलंत?" मी हो म्हणालो. मग त्या "मनू, मनू" करत पलंगाखाली शोधायला लागल्या.

इंजिनिअरना मी विश्वासात घेतलं. आम्ही दोघं फूटपट्टी लावून बॅटरीचा फुगवटा मोजायचो.

"वाढलाय," मी म्हणायचो.

"पूल फुगत नसतात, प्रोफे," ते गंभीरपणे म्हणायचे. "पूल एकदम जातात."

हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं, असं मी आजही मानतो.

आणि बेत्साबे? बेत्साबे मजेत होती. कमरेत उशी, हातात तो कंट्रोलर, ओठांवर शिव्या. बॅग भरून झाली होती, केस कापून झाले होते. मी एकदा तिला सरळ विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती स्क्रीनवरून नजर न उचलता म्हणाली. "वटवाघळांची."

कार्निव्हलचा मंगळवार आला. त्या दिवशी आमच्याकडे ज्याचं जे काही आहे त्याची चाल्या होते. घर, दुकान, गाडी, शिवणयंत्र, नवा फोन, जे काही माणसाला पोसतं किंवा सांभाळतं, ते फुलांनी आणि रंगीत फितींनी सजवायचं आणि त्याच्यावर दारू आणि बिअर शिंपडून भुईला तिचा घोट द्यायचा. मग दाराशी फटाक्यांची माळ. बँकेचा मॅनेजरसुद्धा त्या दिवशी संगणकावर पाकळ्या उधळतो. दोन्या हुस्तांनी मला सकाळीच जिन्यात अडवलं.

"ते यंत्र खाली आणा, प्रोफे. कोरडं हॉस्पिटलात न्यायचं नाही. भुई तहानलेली राहिली तर ती दुसरं काहीतरी पिते."

मी वर जाऊन दार लावून बसलो. ओली तर मुळीच करू नका. स्फोटक. एकदम जातात. या तिन्ही वाक्यांच्या खाली, पाण्याच्या तळाशी दगड दिसावा तसा, शुक्रवार दिसत होता. आणि मग मला युक्ती सुचली. कंट्रोलर दोन होते. दुसरा, रिकामा, अगदी जुळा भाऊ. त्याच्या मधोमध मी काळ्या कागदाचा चौकोन चिकटवला. वजन यावं म्हणून आत दोन्या हुस्तांकडचेच दोन वाळवलेले बटाटे भरले. खरा कंट्रोलर बॅगेत ठेवला. भुईला दारू मिळेल, बेत्साबेला खेळ मिळेल, आणि कुणाचंच काही फुटणार नाही. बटाट्यांचा कंट्रोलर मी खाली नेऊन अंगणातल्या टेबलावर ठेवला आणि विजार बदलायला वर गेलो. स्वतःच्या बुद्धीवर इतका खूष मी क्वचितच झालो असेन.

अंगण भरलं होतं. टेबलावर दोन्या हुस्तांचा तराजू, इंजिनिअरांचं रस्ते मोजायचं भोपळ्याएवढं दुर्बिणीचं यंत्र, घराच्या किल्ल्या, आणि सगळ्यांच्या मध्ये, पिवळ्या पाकळ्यांत, माझा बटाट्यांचा कंट्रोलर. गळ्याभोवती कागदी फिती घालून बेत्साबे खुर्चीवर बसली होती. दोन्या हुस्तांनी आधी भुईवर धार सोडली, मग तराजूवर, मग कंट्रोलरवर. "पाचामामा, आई, हिचं हाड नवं होतंय, तू सांभाळ." मी हात जोडून उभा होतो आणि अगदी शांत होतो. इंजिनिअरांनी बिअरची बाटली अंगठा लावून हलवली आणि फेसाचा फवारा सोडला. कंट्रोलर न्हाऊन निघाला.

"अजून टाका," मी उदारपणे म्हणालो.

त्यांनी अजून टाकली. आणि फेसाखाली लाल दिवा लागला.

मग ती बारीक धून वाजली.

वाळवलेल्या बटाट्यांना दिवा लागत नाही. ते धून वाजवत नाहीत. हे समजायला मला जितका वेळ लागला तितक्यात दारापाशी कुणीतरी फटाक्यांच्या माळेला काडी लावली. पहिला बार झाला. "पळा!" मी ओरडलो, टेबलावर झेप घेतली, तराजू पडला, दुर्बिणीचं यंत्र इंजिनिअरांनी तान्ह्या बाळासारखं झेललं, आणि मी तो वाजणारा, चमकणारा, बिअरने निथळणारा कंट्रोलर छातीशी धरून अंगणाच्या टोकाला धावलो आणि कपडे धुवायच्या टाकीत फेकला. त्याच्यामागोमाग मीही गेलो, कारण फरशीवर बिअर होती.

माळ संपली. टाकीत दोन्या हुस्तांच्या भिजत घातलेल्या परकरांच्या मध्ये मी बसलो होतो. वर एक बुडबुडा आला आणि फुटला. एवढाच काय तो स्फोट.

"प्रोफे," इंजिनिअर हळूच म्हणाले, "माळ होती ती. दारातली."

"खरा इथे कसा आला?" मी म्हणालो. "मी इथे बटाटे ठेवले होते!"

"कुठले बटाटे?" दोन्या हुस्तांनी विचारलं.

"तुमचेच."

"मग चांगलेच असणार," त्या म्हणाल्या, "पण पाचामामासमोर?" आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला.

बेत्साबे काठी टेकत टाकीपाशी आली. फिती तिच्या गळ्यात तशाच होत्या. "मी बदलला," ती म्हणाली. "उचलला तर आतून खडखड वाजला. तू आत विजार बदलत होतास, तेवढ्यात कुणालातरी वर पाठवून बॅगेतला खरा आणवला आणि ठेवला."

"अगं पण ओला करायचा नाही! बॅटरी आहे! तुला किती वेळा..."

"म्हाताऱ्या, शुक्रवारी मला उघडणार आहेत." ती मोठ्याने बोलत नव्हती. "मला झोपवणार, आणि करवतीने हाड कापणार. आणि तू भुईला बटाटे दाखवतोस?" काठी नसलेल्या हाताने तिने टाकीचा काठ घट्ट आवळला होता. इतके दिवस तो कंट्रोलर धरून असायचा, म्हणून मला कधी दिसलं नव्हतं. "तुला काय वाटलं, वाळूची बादली फक्त तुलाच लागते?"

मी टाकीतून बाहेर आलो. डोक्यावर दोन्या हुस्तांचा परकर तसाच होता.

बॅटरी काढून वाळूत पुरली. बाकीचं यंत्र, ओल शोषली जावी म्हणून, दोन्या हुस्तांच्या सल्ल्याने किन्वाच्या दाण्यांच्या पोत्यात ठेवलं, मग इंजिनिअरांच्या सल्ल्याने गच्चीवर उन्हात. दुसरी बॅटरी तारेने लावून पाहिली. दिवा लागला नाही. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. गुरुवारी संध्याकाळी मी बेत्साबेला सांगितलं की ते मेलं. मला वाटलं ती म्हणेल, मग मी येत नाही. काही क्षण ती तसंच म्हणणार असं वाटलंही.

"बॅगेत टाक," ती म्हणाली.

"अगं, ते चालत नाही."

"ऐकलं मी. टाक बॅगेत."

शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलात तिला निळी टोपी घातली, हातात सुई टोचली. टोपीमुळे ती एकदम लहान दिसायला लागली. ती म्हणाली, "दे इकडे." मी तो मेलेला कंट्रोलर दिला. अंगठे जागेवर गेले.

"हं. सांग."

"काय सांगू?"

"काय दिसतंय ते. बटणं मी दाबते. स्क्रीन तू."

"मला तो खेळ येत नाही, बेत्साबे."

"इतकी वर्षं मागच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचास. काहीतरी दिसलं असेलच की."

मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या पलंगावरची बाई बघत होती. मी घसा खाकरला. "बुटका उतरला," मी म्हणालो. "कंदील आहे. दोन्ही बाजूंना वाळूचा खडक, मधून पाणी झिरपल्याच्या खुणा..."

"खडक नको! वटवाघळं सांग!"

"आलं! डावीकडून एक!"

तिचा अंगठा टकटकला.

"मारलंस."

"एकदाच मारून? ती दोनदा मारावी लागतात. नीट बघ ना."

मी नीट बघितलं. वटवाघूळ पुन्हा उठलं, तिने पुन्हा मारलं. आम्ही खाली उतरत गेलो. एका ठिकाणी तिला सोपं जावं म्हणून मी शिडी लावली, तर ती डोळे न उघडता म्हणाली, "तिथे शिडी नाही. तिथून उडी मारावी लागते. फसवायचं नाही, एकदा फसवून झालंय." मग मी दरी जितकी रुंद होती तितकी सांगितली. तिने उडी मारली. शेजारची बाई म्हणाली, "पोचला का?" मी म्हणालो, "पोचला." शेजारच्या बाईने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन दोघं आले. "चला सेन्योरा, वेळ झाली."

बेत्साबेने डोळे उघडले. आता तिचा चेहरा पहिल्यांदाच मला माझ्या चेहऱ्यासारखा दिसला. "थांबा," ती त्यांना म्हणाली, आणि स्क्रीनखालचं छोटं बटण दाबलं. मग कंट्रोलर माझ्या हातात दिला, माझा अंगठा धरून त्या बटणावर ठेवला. "खेळ थांबवलाय. मी येईपर्यंत बुटक्याला काही होऊ देऊ नकोस."

ते तिला घेऊन गेले. दार दोन वेळा हललं आणि बंद झालं.

मी बाकावर बसलो. थोड्या वेळाने इंजिनिअर आणि दोन्या हुस्ता आले. दोन्या हुस्तांनी पाव आणला होता, मी हात पुढे केला नाही तेव्हा त्यांनी घास तोडून माझ्या तोंडात घातला. इंजिनिअरांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. नख पांढरं पडलं होतं.

"हे काय, प्रोफे?"

"थांबवलंय," मी म्हणालो.

ते शेजारी बसले. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच त्यांनी काहीही सुचवलं नाही.

मला ठाऊक होतं की आत बॅटरी नाही, संगणक जळालाय, तारांवर बिअर सुकलीय. ते सगळं मीच बसवलं होतं आणि मीच बुडवलं होतं. तरी अंगठा उचलायची माझी छाती होईना. नाकाला खाज आली, ती दोन्या हुस्तांकडून खाजवून घेतली. नर्सने एका कागदावर सही मागितली, ती मी डाव्या हाताने केली. ती माझी नाही असं कुणी सिद्ध केलं तर मी हरकत घेणार नाही. शेवटी डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढला, "झकास झालं" म्हणाले आणि हात पुढे केला. माझा हात मोकळा नव्हता. मी नुसती मान हलवत राहिलो, आणि ती बराच वेळ थांबेना.

तिला खोलीत आणलं तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. मी पलंगाशी उभा राहिलो. तिने एक डोळा उघडला. ओठ कोरडे होते.

"बुटका?" ती म्हणाली.

"आहे. जिवंत आहे."

तिची नजर हळूहळू खाली माझ्या हातावर आली आणि तिथे थबकली.

"सकाळपासून दाबून बसलायस?"

"तू सांगितलंस ना."

"अरे म्हाताऱ्या," बेत्साबे म्हणाली, आणि हसताना तिला कुठेतरी दुखलं, "ते एकदाच दाबायचं असतं."

मी अंगठा उचलला. काही झालं नाही.